लिटलसाठी हाताने केलेल्या भेटी: खर्च थोडा, काम पक्कं

अमेरिकेतल्या कॉलेजात सोरोरिटीची, म्हणजे विद्यार्थिनींच्या संघटनेची, सभासद झालेल्या मुलीवर पुढच्या वर्षी बहुधा एक जबाबदारी येते. नव्याने आलेल्या एका मुलीची ती ‘बिग’ होते आणि ती नवी मुलगी तिची ‘लिटल’. मानलेल्या बहिणींसारखंच हे नातं, फक्त जोडी चॅप्टरने, म्हणजे सोरोरिटीच्या त्या कॉलेजातल्या शाखेने, लावून दिलेली. जोडी जाहीर होण्याआधीच्या आठवड्यात बिग आपलं नाव लपवून लिटलला रोज काहीतरी पाठवते आणि ‘रिव्हील’च्या दिवशी समोर येते. शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी मुलींना ही पद्धत नवी असते आणि या भेटींवर किती पैसे घालवायचे याचा अंदाजही नसतो.

चाळीस डॉलरची मर्यादा घाला आणि ती पाळा. तेवढ्यात दोन वस्तू उत्तम होतात आणि बाकीचे दिवस खाऊ आणि चिठ्ठ्यांवर निभावतात. पाच वस्तू घाईने करण्यापेक्षा दोन नीट केलेल्या बऱ्या, कारण या भेटी लिटल चार वर्षं खोलीत ठेवते, अंगात घालते. हातकामात खरा खर्च वेळेचा असतो. रंग वाळायला, सरस मुरायला दिवस लागतात, आणि फसलेल्या बहुतेक वस्तू आदल्या रात्री केलेल्या असतात.

म्हणून कामाची वाटणी अशी करा: ज्यावर फक्त सोरोरिटीच्या नावाची ग्रीक अक्षरं आहेत ते सगळं जोडी कळण्याआधीच, निदान पाच आठवडे आधी करून ठेवायचं. लिटलचं नाव, तिचा आवडता रंग, तिचं माप लागतं ते जोडी कळल्यावर.

आधी विचारून घ्यायच्या गोष्टी

प्रत्येक सोरोरिटीचे रंग आणि चिन्हं ठरलेली असतात. डेल्टा गॅमाचा नांगर, काय ओमेगाचं घुबड, कॅपा अल्फा थीटाचा पतंग, पाय बीटा फायचा बाण. अल्फा कॅपा अल्फा ही १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात सुरू झालेली कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची पहिली सोरोरिटी. तिचे रंग सॅमन गुलाबी आणि सफरचंदी हिरवा. दुकानातला ‘साधारण तसाच’ गुलाबी तिथे चालत नाही, लगेच डोळ्यांवर येतो. चॅप्टरकडून रंगाचा अधिकृत नमुना मागून घ्या आणि तो हातात धरूनच कापड, रंग घ्या. दक्षिण आशियाई मुलींनी सुरू केलेल्या सोरोरिटीही आहेत: १९९८ या एकाच वर्षी ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, ऑस्टिनला कॅपा फाय गॅमा आणि न्यू यॉर्कला सिग्मा सिग्मा रो अशा तीन सुरू झाल्या. मराठी मुली तिथेही असतात आणि जुन्या, मोठ्या सोरोरिटींमध्येही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. इनिशिएशन, म्हणजे पूर्ण सभासद करून घेण्याचा विधी, होण्याआधी नव्या मुलींनी अक्षरं अंगावर घालायची नाहीत, असा नियम काही सोरोरिटींमध्ये असतो. क्रेस्ट म्हणजे कुलचिन्ह आणि बॅज यांच्यावर तर बऱ्याच ठिकाणी बंधनं असतात. तुमच्या चॅप्टरमध्ये काय चालतं ते ‘न्यू मेंबर’ पाहणाऱ्या पदाधिकारी मुलीला आधी विचारा. अक्षरांचा टी-शर्ट चालत नसेल तर तो करून ठेवा आणि इनिशिएशननंतर द्या.

मेणबत्ती करू नका, बहुतेक वसतिगृहांत पेटवायला बंदी असते. दारूचे पेले रंगवायची फॅशन आहे, पण नवी मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असते आणि तिथे दारूसाठी कायद्याने एकवीस पूर्ण लागतात. असली वस्तू चॅप्टरलाही अडचणीत आणते. भिंतीला खिळा मारू देत नाहीत, म्हणून टांगायची वस्तू हलकी ठेवा आणि सोबत काढता येणारी चिकटपट्टी द्या.

खरेदीबद्दल एवढंच: हातकामाच्या सामानासाठी जुन्या याद्यांमध्ये जोअॅन या दुकानाचं नाव सर्रास असतं, पण त्यांची दुकानं २०२५ मध्ये बंद झाली. अशाच सामानाचं हॉबी लॉबी रविवारी बंद असतं. मायकल्स रविवारी उघडं असतं.

अक्षरांचा टी-शर्ट

सोरोरिटीची ओळख म्हणजे छातीवर दुहेरी कापडाची मोठी ग्रीक अक्षरं: खाली साधं एकरंगी कापड, वर त्याहून थोडं लहान, नक्षीच्या कापडाचं अक्षर. शिलाई मशीन नसलं तरी हे इस्त्रीने चिकटवता येतं.

लागेल ते असं: जाड सुती टी-शर्ट, दोन रंगांचं सुती कापड पाव-पाव वार (गोधडीच्या कामासाठी मिळतं ते, तलम कापडातून खालचा रंग दिसतो), कागद लावलेली चिकट जाळी (इस्त्रीने तापवली की कापडाला कापड चिकटवते ती), धारदार कात्री, इस्त्री. चिकट जाळीत दोन प्रकार असतात आणि इथेच नवख्या मुली फसतात. हीट-एन-बाँड या नावाने मिळणाऱ्या जाळीचा ‘लाइट’ प्रकार शिवण घालण्यासाठी आहे. नुसता चिकटवला तर धुण्यात कडा सुटतात. ‘अल्ट्राहोल्ड’ न शिवता टिकतो, पण त्यावर मशीन चालवलं तर सुईला डिंक चिकटून धागा तुटत राहतो. शिवणार असाल तर लाइट, नसाल तर अल्ट्राहोल्ड. अधलंमधलं काही नाही.

टी-शर्ट आणि कापड दोन्ही आधी धुऊन वाळवा. टी-शर्ट नंतर आटला की चिकटवलेलं अक्षर आटत नाही, मग भोवती सुरकुत्या पडतात. या धुण्यात फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याच्या थरावर सरस धरत नाही.

आता माप. अक्षरं चार इंच उंच आणि तीन अक्षरांची पट्टी सगळी मिळून दहा-अकरा इंच रुंद ठेवा; स्मॉल मापाच्या टी-शर्टवर याहून रुंद झाली तर टोकं काखेकडे जातात. वरच्या अक्षराभोवती खालचं कापड सगळीकडे पाव इंच दिसायला हवं. कागदावर आधी पूर्ण मापात अक्षरं काढून टी-शर्टवर टाचणीने लावून पाहा. गळ्याच्या शिवणीपासून तीन इंच खाली वरची कड आली की बरोबर बसतं.

अक्षर जाळीच्या कागदी बाजूवर उलटं, म्हणजे आरशात दिसतं तसं काढायचं असतं. चोवीस ग्रीक अक्षरांपैकी सोळांना याचा फरक पडत नाही, कारण त्यांची डावी-उजवी बाजू सारखीच: अल्फा, डेल्टा, थीटा, पाय, फाय, काय, ओमेगा वगैरे. फरक पडतो तो आठांना. बीटा, गॅमा, एप्सिलॉन, झीटा, कॅपा, न्यू, रो, सिग्मा. तुमच्या नावात यातलं एखादं असेल तर कागदावर काढून खिडकीच्या काचेला उलट बाजूने लावा आणि दिसेल तसं गिरवा.

१. जाळीवर अक्षर काढून भोवती अर्धा इंच सोडून ढोबळ कापा.
२. कापडाच्या उलट्या बाजूवर जाळीची खरखरीत बाजू ठेवा. मध्यम तापलेल्या इस्त्रीने, वाफ पूर्ण बंद ठेवून, अगदी दोन सेकंद दाबा.
३. थंड होऊ द्या. मगच रेषेवरून नेमकं कापा. जाळी आधी लावल्यामुळे कडेचे धागे निघत नाहीत.
४. वरच्या अक्षराचा कागद सोलून ते खालच्या कापडावर ठेवा आणि दाबा. मग खालच्या कापडाचा कागद सोलून सगळं टी-शर्टवर बसवा.
५. इस्त्री घासायची नाही. उचलायची, ठेवायची, दाबायची. प्रत्येक जागी पाकिटावर लिहिलेत तेवढेच सेकंद.

जास्त वेळ दाबलं की जास्त पक्कं होईल असं वाटतं, आणि होतं नेमकं उलटं. हा सरस जास्त तापला की कापडात जिरून जातो आणि पकड जाते. कड उचलली जात असेल तर बहुधा इस्त्री फार गरम होती किंवा वाफ चालू राहिली होती. धुताना टी-शर्ट उलटा करून थंड पाण्यात, वाळवताना दोरीवर. ही सूचना चिठ्ठीवर लिहून टी-शर्टसोबत द्या, नाहीतर पहिल्याच ड्रायरमध्ये कडा मोकळ्या होतील.

मशीनवर शिवणार असाल तर झिगझॅग तीन मिलिमीटर रुंद आणि टाका अर्धा मिलिमीटर ठेवा. टी-शर्टच्या आत फाडून काढता येणारा कागदी आधार लावल्याशिवाय सुरू करू नका. विणलेलं कापड सुईखाली ताणतं आणि अक्षराभोवती चुण्या येतात. त्या इस्त्रीने जात नाहीत.

घरून आणलेला खणाचा तुकडा असेल तर वरच्या अक्षरासाठी त्याच्यासारखं कापड नाही. बारीक ठिपक्यांची ती नक्षी चार इंचांच्या अक्षरात पूर्ण उठून दिसते. फक्त तीन गोष्टी सांभाळा. खणाचे धागे फार लवकर निघतात, तेव्हा जाळी लावण्याआधी कात्री लावूच नका. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का पाहा. जात असेल तर तो पांढऱ्या टी-शर्टवर नको. आणि हल्लीच्या खणात कृत्रिम रेशीम किंवा पॉलिस्टर असतं, म्हणून वर सुती रुमाल टाकूनच इस्त्री करा.

टेबलावर उभी राहणारी लाकडी अक्षरं

हे सर्वांत स्वस्त काम आणि सर्वांत जास्त बिघडणारंही. सहा ते आठ इंचांची लाकडी किंवा पुठ्ठ्याची अक्षरं दुकानात इंग्रजी वर्णमालेची मिळतात. ग्रीक वेगळी शोधत बसू नका, बरीच त्यातच सापडतात: काय म्हणजे इंग्रजी एक्स, रो म्हणजे पी, ईटा म्हणजे एच. लॅम्डासाठी व्ही उलटा करा. सिग्मासाठी एम आडवा करा, त्याचे पाय उजवीकडे येतील असा. डेल्टाला त्रिकोण घ्या. नावावरून अंदाज करू नका. रो ऐकून आर आणि काय ऐकून सी घेतलेली अक्षरं पाहायला मिळतात.

अक्षराच्या कडा काचपेपरने गुळगुळीत करा. बाजूंना आणि पाठीला ॲक्रिलिक रंगाचे दोन हात द्या, मध्ये वीस मिनिटं. दर्शनी बाजूवर नक्षीचा जाड कागद चिकटवायचा. कागद उलटा ठेवायचा, त्यावर अक्षर पालथं ठेवायचं आणि पेन्सिलने कड आखायची. असं केलं की कापल्यावर कागद बरोबर सुलटा बसतो. रेषेच्या किंचित बाहेरून कापा.

मॉड पॉजचा (चिकटवायला आणि वरून थर द्यायलाही चालणाऱ्या सरसाचा) पातळ, सारखा थर लाकडावर आणि कागदाच्या पाठीवर, दोन्हीकडे लावा. कागद ठेवून जुन्या प्लास्टिक कार्डाने मधून बाहेर दाबत न्या. फुगे येतात ते दोन कारणांनी: कुठेतरी सरस लागलाच नाही, किंवा इतका लागला की कागद भिजून फुगला. ओला असतानाच दिसला तर दाबून काढा. वाळल्यावर दिसला तर सुईने टोचून भोकातून थोडा सरस सोडा आणि दाबा. वीस मिनिटांनी नखांच्या कानशीने बाहेर आलेला कागद वरून खाली, एकाच दिशेने घासा. मागेपुढे घासलं तर कागद सोलतो. मग वरून दोन पातळ हात, मध्ये पुन्हा वीस मिनिटं.

नक्षी स्वतः छापणार असाल तर लेझर प्रिंटरवर छापा. इंकजेटची शाई ओल्या सरसात पसरते आणि सगळं निळसर होतं.

वस्तू तासाभरात हाताला कोरडी लागते, पण मॉड पॉज पूर्ण मुरायला चार आठवडे घेतो. तोपर्यंत अक्षर दुसऱ्या अक्षराला टेकवून ठेवलं किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर चिकटतं आणि सोडवताना कागद निघून येतो. पाच आठवडे आधी सुरू करायला सांगितलं ते यासाठी. वेळ नसेलच तर मोकळ्या हवेत पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे दोन हलके फवारे मारा आणि बांधताना मध्ये मेणकागद घाला.

कॅनव्हासवर नाव

आठ बाय दहा इंचांचा कॅनव्हास पुरतो. पार्श्वभूमीला रंगाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. सरळ पट्टे हवे असतील तर चिकटपट्टी लावून तिच्या कडेवरून आधी पार्श्वभूमीचाच रंग फिरवा. फट त्या रंगाने बुजते आणि वरचा रंग आत शिरत नाही. पट्टी रंग ओलसर असतानाच काढा.

अक्षर वळणदार नसेल तर काळजी नको. नाव छापून घ्या, कागदाच्या मागे खडू घासा, कॅनव्हासवर ठेवून पेनने गिरवा. कॅनव्हासखाली एखादी वही ठेवा, नाहीतर दाबल्यावर तो खोलगट होतो. लिटलचं नाव देवनागरीत काढणार असाल, आणि मराठी-हिंदी घरातल्या लिटलला ते मनापासून आवडतं, तर शिरोरेषा आधी दोन चिकटपट्ट्यांच्या मध्ये रंगवून घ्या. हाताने ओढलेली शिरोरेषा थोडीशी जरी कलली तरी सगळं नाव कललेलं दिसतं.

वरचा थर कोणता द्यायचा ते पेनवर अवलंबून आहे. पाण्यातल्या रंगाच्या पेनवर ब्रशने मॉड पॉज फिरवला तर अक्षरं फिसकटतात. तिथे स्प्रे वापरा. साध्या मार्करची शाई उलट स्प्रेनेच पसरते. तेलरंगाच्या पेनवर एक दिवस वाळल्यानंतर ब्रश चालतो. कॅनव्हासच्या मागच्या बाजूला एक रेघ ओढून त्यावर आधी करून पाहा.

न शिवलेलं ब्लँकेट

बजेटमधले निम्मे पैसे यात जातात, त्यामुळे हे केलं तर दुसरी वस्तू लहान ठेवा. दीड-दीड वाराचे फ्लीसचे दोन तुकडे, एक नक्षीचा, एक एकरंगी. ‘अँटी-पिल’ लिहिलेलं घ्या, साध्याला दोन धुण्यांत गोळे येतात. दोन्हींच्या उलट्या बाजू आत येतील असे एकावर एक पसरा, किनारीच्या कडक पट्ट्या कापून टाका आणि दोन्ही तुकडे एकाच मापाचे करा. चारही कोपऱ्यांतून चार इंचांचे चौकोन कापून काढा. ते राहिले तर कोपऱ्यांत गाठींचा गठ्ठा होतो. मग चारही बाजूंना एक इंच रुंद, चार इंच खोल काप द्या, दोन्ही थर एकदम. वरची झालर खालच्या झालरीशी दुहेरी गाठीने बांधा. सगळ्या मिळून दोनशेच्या आसपास गाठी होतात, एका बैठकीत करण्यापेक्षा दोन संध्याकाळी घ्या. गाठ कापडाला टेकेल इतपतच ओढा. जोर लावला की कड आत वळते आणि ब्लँकेट सपाट पसरत नाही.

मनगटातली दोऱ्याची पट्टी

भरतकामाच्या सुती दोऱ्याच्या चार रंगांच्या चार लडी घ्या. एका लडीत आठ मीटर दोरा असतो, म्हणजे चार पट्ट्या होतात आणि लिटलबरोबर तुमच्या बिगलाही एक देता येते. प्रत्येक रंगाचा दोन मीटर तुकडा मध्ये दुमडा. आठ पदर तयार होतात. दुमडलेल्या जागी फासा ठेवून गाठ मारा आणि टेबलाला चिकटपट्टीने पक्कं करा. पदर आरशातल्यासारखे लावा: बाहेरून आत एक, दोन, तीन, चार आणि पुन्हा चार, तीन, दोन, एक. डावीकडचा बाहेरचा पदर मध्यापर्यंत, उजवीकडचा मध्यापर्यंत, मग दोघांची एकमेकांशी गाठ. बाणाचं टोक तयार झालं. प्रत्येक पदरावर गाठ दोनदा मारायची. एकदाच मारली तर पट्टी पिळा घेते आणि रंग जागचे हलतात. सहा-साडेसहा इंच झाली की थांबा, उरलेल्या पदरांच्या दोन वेण्या घाला.

कपावर साध्या मार्करने लिहून ओव्हनमध्ये भाजायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती टिकत नाही, काही धुण्यांत अक्षरं जातात. कप करायचाच असेल तर चिनी मातीसाठीचा पेन घ्या, पाकिटावरच्या तापमानाला भाजा, कप थंड ओव्हनमध्ये ठेवूनच ओव्हन सुरू करा आणि काठापासून एक इंचापर्यंत रंग लावू नका. वसतिगृहात ओव्हन नसेल तर हा नाद सोडा.

या वस्तू मैत्रिणींना पसंत पडल्या की कुणीतरी हमखास विचारतं, ‘मला विकत करून देतेस का?’ सोरोरिटींची नावं, अक्षरं आणि चिन्हं ट्रेडमार्क केलेली असतात आणि विक्रीसाठी परवाना लागतो. आपल्या लिटलला भेट देणं वेगळं, दुकान मांडणं वेगळं. तिला दोऱ्याच्या लडी आणायला सांगा आणि शेजारी बसवून पहिल्या दहा गाठी शिकवा.